ओएसिसचा पुनर्मीलन दौरा: आनंद खरा, मग मन भरत का नाही?

जुनी_कॅसेट

२८ ऑगस्ट २००९ ला पॅरिसमध्ये रंगमंचामागे ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडमधल्या दोघा भावांचं, गिटारवादक नोएल आणि गायक लिअम गॅलाघर यांचं, भांडण झालं आणि बँड फुटला. २७ ऑगस्ट २०२४ ला, पंधरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना, पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा झाली. ४ जुलै २०२५ ला कार्डिफला सुरुवात, २३ नोव्हेंबरला साओ पावलोला शेवट, एकूण ४१ कार्यक्रम. दौरा पार पडला, मधे कुठे मोडला नाही. एवढंच कितीतरी जणांना अशक्य वाटत होतं.

चाहत्यांत मात्र दोन तट आहेत, आणि बऱ्याच जणांच्या मनात ते दोन्ही एकाच वेळी नांदतायत. कार्डिफला नोएल आणि लिअम एकमेकांचा हात धरून, तो उंचावून मंचावर आले ते पाहताना गळा दाटून येतो. दुसऱ्याच मिनिटाला तिकीटविक्रीचा प्रकार आठवतो आणि चीड येते. रोज तीच २३ गाणी, त्याच क्रमाने. नवं गाणं एकही नाही. ड्रमवर नवाच माणूस. आणि तरीही वाजवणं असं की टीका करायला जीभ रेटत नाही.

जाणकारांना विचारायचंय ते हे. जुन्या आठवणींचं भरतं बाजूला ठेवून, निव्वळ संगीत म्हणून असा दौरा कसा तपासायचा? आवाज खरंच टिकलाय की झाकलाय, हे कानांनी ओळखता येतं का? तीच यादी रोज वाजवण्यामागे आळस आहे की कारण? तिकिटांच्या बाबतीत नेमकं काय चुकलं? उद्या दुसरा एखादा आवडता बँड असा परत आला तर तिकीट काढण्याआधी काय पाहावं?

भावनिक उत्तरंही चालतील, पण सोबत कारण द्या.

---

पांढरी_पाच

आवाजापासून सुरू करतो, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच आहेत.

लोक तुलना करतात ती इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या त्यांच्या गाजलेल्या कार्यक्रमांशी, १० आणि ११ ऑगस्ट १९९६. तेव्हा लिअम २३ वर्षांचा होता, कार्डिफला ५२ वर्षांचा. तोच आवाज मागणं म्हणजे चुकीची वजनं घेऊन तोलायला बसणं. पाहायचं असतं ते हे की बावन्नाव्या वर्षीच्या गळ्याला झेपेल अशी व्यवस्था बँडने केली का, आणि केली असेल तर उघडपणे केली का.

व्यवस्था तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार पट्टी उतरवण्याचा. आपल्याकडे गायक बदलला की पेटीवाला न विचारता पट्टी बदलतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. रॉकमध्ये मात्र चाहते मूळ पट्टीलाच चिकटून बसतात. लेड झेपेलिनने १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात 'स्टेअरवे टू हेवन' वाजवलं ते मूळ ए मायनरऐवजी जी मायनरमध्ये. पेटीच्या भाषेत पांढरी सहावरून पांढरी पाचवर. गायक रॉबर्ट प्लँट तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. तो कार्यक्रम आजही पुनर्मीलनाचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि पट्टी उतरवली म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

पट्टी उतरली की गिटारवर परिणाम होतो, तो कानाला कळतो. अर्धा स्वर खाली आणायला तारेचा ताण साधारण ११ टक्के कमी करावा लागतो, पूर्ण स्वर खाली आणायला सुमारे २१ टक्के. तार सैल झाली की जोराने छेडल्यावर स्वर क्षणभर वर जाऊन मग खाली बसतो, आणि तीन गिटारी एकत्र असतील तर सगळं गढूळ ऐकू येतं. उपाय म्हणजे जाड तारांचा संच. पहिली तार ०.०१० इंचाऐवजी ०.०११ इंच जाडीची लावली की पूर्ण स्वर उतरवूनही ताण जवळजवळ मूळ जागी येतो. ज्यांनी ही तयारी केलेली नसते त्यांचे पहिले काही कार्यक्रम ढिले लागतात, आणि लोक म्हणतात बँड म्हातारा झाला. म्हातारी झालेली असते ती गिटारची जुळणी.

दुसरा प्रकार यादीच्या रचनेचा. ओएसिसची यादी समोर ठेवून बघा. पहिली नऊ गाणी लिअम ओढतो, त्यात दुसऱ्या गाण्याचं ध्रुवपद तेवढं नोएलचं. मग दहावं, अकरावं, बारावं: 'टॉक टुनाइट', 'हाफ द वर्ल्ड अवे', 'लिटल बाय लिटल'. तिन्ही नोएल गातो. लिअमच्या गळ्याला कार्यक्रमाच्या ऐन मध्यात एवढी विश्रांती मिळते. पुढे तेरा ते एकोणीस पुन्हा लिअम. शेवटच्या चार गाण्यांतली पहिली दोन नोएलची आणि अखेरची दोन लिअमची. २३ पैकी पाच गाणी नोएलची, आणि ती गळ्याला जिथे दम हवा नेमकी तिथे बसवलेली. ही यादी करताना कुणीतरी गळ्याचा पूर्ण हिशेब मांडलाय.

हिशेब किती बारीक असावा लागतो याचं एक उदाहरण देतो. पियानोच्या मधल्या सी च्या वरचा जी हा स्वर ३९२ हर्ट्झचा. म्हणजे तो स्वर धरला की स्वरतंतू सेकंदाला ३९२ वेळा एकमेकांवर आदळतात. आठ सेकंद धरला तर तीन हजारांवर आघात. लिअमची गायकी तर माइक उंच लावून, मान वर करून, नाकाकडून पुढे फेकलेल्या जोरकस स्वरांची. सूज येते ती त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी.

म्हणून तिसरा प्रकार: तारखा. मँचेस्टरच्या हीटन पार्कला ११, १२, १६, १९, २० जुलै. वेम्बलीला २५, २६, ३० जुलै आणि २, ३ ऑगस्ट. एडिनबरोला ८, ९, १२ ऑगस्ट. अख्ख्या दौऱ्यात लागोपाठ तीन रात्री कुठेही नाहीत. एक किंवा दोन, मग खंड. पुढे कधी कुठल्या बँडच्या वेळापत्रकात लागोपाठ चार रात्री दिसल्या तर चौथ्या रात्रीचं तिकीट घेऊ नका.

आवाज झाकला जातो तो कसा ओळखायचा, ते वेगळ्या प्रतिसादात येईल बहुतेक. माझ्या मते लिअमचा आवाज टिकलाय, आणि तो टिकवण्यासाठी बँडने गृहपाठ केलाय. त्याबद्दल मला या मंडळींविषयी मनापासून आदर वाटतो.

---

ठेका_सोडू_नका

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ड्रमविषयी लिहितो, कारण 'नवाच माणूस' हे शब्द टोचले.

ओएसिसला एकच असा ड्रमर कधी नव्हताच. टोनी मॅककॅरोल १९९५ पर्यंत, ॲलन व्हाइट १९९५ ते २००४, मग झॅक स्टार्की, शेवटी ख्रिस शॅरॉक. या दौऱ्यात जोई वॉरोंकर, जो आधी बेक आणि आर. ई. एम. बरोबर वाजवत होता आणि २०२४ मध्ये लिअमच्या जॉन स्क्वायरबरोबरच्या आल्बमवरही होता. ॲलन व्हाइटला का बोलावलं नाही हा चाहत्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण यादीतल्या मोठ्या गाण्यांवर हात त्याचा आहे. पण वॉरोंकरपुढचं काम नीट समजून घ्या.

यादीत पहिल्या आल्बमची सहा गाणी आहेत, मॅककॅरोलच्या सरळसोट वळणाची: हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) एकसारखे ठोके, स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) दोन आणि चारवर, मधे फारसं काही नाही. दुसऱ्या आल्बमची आठ आहेत, 'सम माइट से' सोडता व्हाइटच्या वळणाची: ठेका जरा झुलता, स्नेअरवर मधेमधे हलके दबलेले ठोके, फेक (ओळींच्या मधली ड्रमची भर) मोठी. एकाच संध्याकाळी दोन वेगळ्या माणसांचे हात वाजवायचे. वॉरोंकर पहिल्या गाण्यांत हात आखडता घेतो आणि दुसऱ्या गाण्यांत मोकळा सोडतो. हे ऐकायचं असेल तर गाणं विसरा आणि फक्त हाय-हॅटकडे कान द्या.

लय मोजायची सोपी रीत: कडव्यात तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. मूळ आल्बमशी ताडून बघा. बँड जिवंत वाजवत असेल तर रात्रीगणिक आकडा दोन-चारने मागेपुढे होतो. लोकांच्या आवाजाने ध्रुवपदात वर चढतो, कडव्यात परत बसतो. चार वेगवेगळ्या रात्रींची ध्वनिमुद्रणं काढून चारही वेळा आकडा अगदी तोच आला, तर ड्रमरच्या कानात क्लिक (लय पक्की ठेवणारी यंत्राची टकटक) चालू आहे. क्लिक असणं हा गुन्हा नाही. व्हिडिओ किंवा आधी मुद्रित केलेली व्हायोलिनं जोडायची असतील तर ती लागतेच. पण क्लिक असली की पुढचा प्रश्न विचारायचा: तिच्याबरोबर आणखी काय वाजतंय? मंचावर कुणी कीबोर्डला हात लावलेला नाही आणि ऑर्गन ऐकू येतोय, साथीच्या माइकजवळ कुणी नाही आणि दुहेरी आवाज येतोय, ध्रुवपदात गायकाने माइक प्रेक्षकांकडे केला तरी त्याचाच आवाज चालू आहे. यातलं तिसरं दिसलं की समजायचं, झाकलंय.

सरावाबद्दलही लिहायलाच हवं. लेड झेपेलिनचीच दोन टोकं बघा. १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन असे दोन ड्रमर एकाच वेळी बसवले, एकत्र सराव जवळजवळ शून्य. प्लँटचा आवाज बसलेला, गिटारवादक जिमी पेजची गिटार सुरात नाही. बँडने तो भाग अधिकृत डीव्हीडीत येऊच दिला नाही. दोन ड्रमर नीट सराव न करता एकत्र बसले की दोघेही एकमेकांची वाट पाहतात, फेक मागे पडते आणि बाकी बँडला धरायला काही उरत नाही. २००७ ला मात्र बँडचा दिवंगत ड्रमर जॉन बॉनम याचा मुलगा जेसन एकटा बसला, आठवडेच्या आठवडे सराव झाला, आणि १६ गाणी खणखणीत वाजली. माणसं तीच, मंचही एका रात्रीचाच. फरक सरावाचा.

दिवंगत ड्रमरच्या जागी कुणी बसणं हा आणखी नाजूक विषय. रश या बँडचा ड्रमर नील पर्ट ७ जानेवारी २०२० ला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रशने २०२६ चा दौरा जाहीर केला तो आनिका निलेसला ड्रमवर घेऊन. तिथल्या चाहत्यांची घालमेल ओएसिसपेक्षा खोल आहे, कारण तो माणूस शब्दही लिहायचा. तिच्यावर राग धरू नका एवढीच कळकळीची विनंती. दुसऱ्याच्या हातांनी घडलेली गाणी अंगात मुरवणं हे ड्रमरसाठी फार कष्टाचं काम असतं.

---

खिडकी_क्रमांक_तीन

तिकिटांविषयी नेमकं लिहितो, कारण 'किमती मागणीनुसार क्षणाक्षणाला चढत होत्या' असं सगळीकडे लिहिलं गेलं आणि ते तसं झालेलं नाही.

विक्री ३१ ऑगस्ट २०२४ ला झाली. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने चौकशी केली. क्षणाक्षणाला किंमत बदलणारी गणिती यंत्रणा वापरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. झालं होतं ते असं: उभ्याने पाहायच्या तिकिटांचे दोन दर होते. आधी साधारण १५० पौंडांची तिकिटं सोडली, ती संपली की त्याच जागेची ३५५ पौंडांची सोडली. रांगेत तासन् तास थांबलेल्या लोकांना दोन दर आहेत हे आधी सांगितलंच नव्हतं. आपला क्रमांक येतो, समोर दुप्पट किंमत, आणि निर्णयाला काही मिनिटं. बसण्याच्या काही तिकिटांना 'प्लॅटिनम' नाव देऊन ती साध्या तिकिटाच्या जवळजवळ अडीच पट दराने विकली, तीही बहुतेकदा त्याच भागातल्या जागांसाठी, काहीही जादा न देता, आणि ते स्पष्ट न करता. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीट कंपनीने लेखी हमी दिली की असे टप्प्याटप्प्याचे दर असतील तर किमान २४ तास आधी जाहीर करू.

चाहत्यांची जखम आहे ती किमतीपेक्षा या लपवाछपवीची. ३५५ पौंड पहिल्यापासून जाहीर असते तर कित्येकांनी सरळ नाही म्हटलं असतं आणि मनात कडवटपणा राहिला नसता. गाणी कष्टकरी घरातल्या पोरांची, आणि दाराशी असा व्यवहार. उत्तर अमेरिकेतल्या विक्रीत मागणीनुसार दर लावणार नाही असं बँडने जाहीर केलं होतं, यावरून तो निर्णय टाळता येण्याजोगा होता हे उघड आहे.

पुढच्या वेळी कुठल्याही बँडसाठी उपयोगी पडेल असं एक निरीक्षण. ओएसिसने आधी १४ तारखा जाहीर केल्या. वेळापत्रकात तेव्हा भोकं होती: हीटन पार्कला १२ आणि १९ जुलैच्या मधे आठवड्याचा खंड, वेम्बलीला २६ जुलै ते २ ऑगस्ट खंड. नंतर वाढवलेल्या तीन तारखा कुठे बसल्या? १६ जुलै, ३० जुलै, आणि एडिनबरोला १२ ऑगस्ट. भोकात किंवा टोकाला. मोठा मंच उभा करायला आणि उतरवायला दिवस लागतात, त्यामुळे एकाच जागी आठवडाभर खंड ठेवून बँड परत येणार असेल तर मधली रात्र बहुतेक राखून ठेवलेली असते. विक्रीनंतर वेम्बलीच्या २७ आणि २८ सप्टेंबरच्या आणखी दोन तारखा आल्या, त्या पहिल्या विक्रीत तिकीट न मिळालेल्यांना आमंत्रण पाठवून सोडतीने. म्हणून पहिल्या दिवशी घाबरून चढ्या दराने घेऊ नका, आणि रांगेत लावलेलं खातं तसंच ठेवा. हात हलवत परतलात याची नोंद पुढे कामी येते.

घ्यायचंच असेल तर रांग सुरू होण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: तिकिटाची छापील किंमत, वरचे आकार धरून होणारी एकूण रक्कम, आणि ज्याच्या वर जायचं नाही ती मर्यादा. घड्याळ उलटं मोजायला लागलं की माणसाचं भान जातं, आणि ती पानं तशीच बनवलेली असतात. पुनर्विक्री फक्त छापील किमतीत होणाऱ्या अधिकृत ठिकाणीच बघा. या दौऱ्यात बाहेरून घेतलेली तिकिटं रद्द होऊ शकतात असं बँडने आधीच बजावलं होतं.

---

बी_साइड

सगळे इतके समजूतदारपणे लिहितायत की माझी तक्रार ठामपणे मांडतो.

सात आल्बम आहेत: १९९४, ९५, ९७, २०००, २००२, २००५, २००८. २३ गाण्यांचा हिशेब करा. पहिल्या दोन आल्बममधली १४. त्याच काळातल्या बी-साइड (सुट्या गाण्याच्या मुद्रिकेवर जोडीला दिलेली गाणी) ५. सुटं आलेलं १९९४ चं एक. १९९७ च्या आल्बममधली २. २००२ मधलं १. म्हणजे २०००, २००५ आणि २००८ या तीन आल्बमांतलं एकही गाणं नाही. जेम आर्चर आणि अँडी बेल १९९९ मध्ये आले, दहा वर्षं बँड त्यांच्या खांद्यांवर उभा राहिला, आणि दौऱ्यात त्यांना वाजवायला मिळालं ते जवळजवळ सगळं त्यांच्या आधीच्या माणसांनी घडवलेलं. हा मला अन्याय वाटतो. सुरुवातीचा गिटारवादक बोनहेड परत आला, तो मंचावर हवाच होता. पण मधली दशकभराची मेहनत पुसल्यासारखी झाली.

यादी पक्की का ठेवतात ते माहीत आहे. पडद्यावरची दृश्यं आणि दिवे गाण्यागणिक आधी रचलेले असतात, कुठल्या गाण्याला कुठली गिटार हातात द्यायची हा क्रम ठरलेला असतो, आणि स्टेडियमला वेळेची मर्यादा असते. पण एवढं सगळं सांभाळूनही दोन जागा मोकळ्या ठेवता येतात. नोएलच्या तीन गाण्यांपैकी एक रोज बदललं असतं तर लिअमच्या विश्रांतीत फरक पडला नसता. अकॉस्टिकवरचं गाणं बदलायला दिव्यांची फारशी अडचण नसते.

नवं गाणं हवंच होतं का? ईगल्सनी १९९४ ला परत येताना चार नवी गाणी दिली, ब्लॅक सॅबथने २०१३ ला अख्खा आल्बम दिला. परत येऊन काहीतरी जोडता येतं. न जोडणं हाही प्रामाणिक निर्णय असू शकतो, पण मग त्याला दौरा म्हणा, पुनर्जन्म म्हणू नका.

---

कन्सोलशेजारी

@बी_साइड, नोएलच्या जागेविषयीचा मुद्दा पटला. अँडी बेलबद्दल एक भर: गिटारवादक असून तो ओएसिसमध्ये बासवर बसला, आणि या दौऱ्यात तीन गिटारींच्या खाली जमीन धरून ठेवणारा तोच आहे. तीन गिटारी एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर चढतात, आणि नेमके त्याच पट्ट्यात गायकाचे शब्द असतात. बास नेटका नसेल तर आवाज वर काढायला मिक्स करणाऱ्याला जागाच उरत नाही.

आता मूळ प्रश्नातला सगळ्यात दुर्लक्षित भाग: तुम्ही नेमकं ऐकताय काय? बहुतेकांची मतं फोनवरच्या व्हिडिओंवरून बनलीत, आणि फोन इथे खोटं बोलतो. मोठा आवाज आला की फोन आपोआप पातळी दाबतो. त्यामुळे ड्रमचा ठोका पडला की गायकाचा आवाज खाली जातो आणि लगेच वर येतो, जणू त्याचा दम तुटतोय. खालचे स्वर छोट्या माइकात शिरत नाहीत, म्हणून बास गायब. आणि फोन धरणाऱ्याच्या शेजारचा माणूस बेसुरा गात असेल तर तो लिअमपेक्षा जवळ असतो. अशा तुकड्यावरून 'आवाज गेला' म्हणणं अन्याय आहे.

दूर बसणाऱ्यांची दुसरी अडचण अंतराची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचापासून ८५ मीटरवर असाल तर आवाज पाव सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर तो बरोबर अर्धा ठोका झाला. पडद्यावर काठी पडलेली दिसते, आवाज नंतर येतो, आणि बँड ढिला वाजवतोय असं वाटतं. मधल्या खांबांवरचे स्पीकर यासाठीच मागून सोडलेले असतात: ६० मीटरवरच्या खांबाला सुमारे १७५ मिलिसेकंद, वर आणखी दहा-पंधरा, म्हणजे कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. दोन खांबांच्या मधोमध उभे राहिलात तर दुहेरी ऐकू येतं. मिक्सिंगच्या मंचाच्या आसपास, मधल्या रेषेजवळ जागा मिळाली तर घ्या. वरच्या सज्जाच्या खाली खोलवर बसलात की उंच स्वर अडतात आणि घुमारा उरतो.

अधिकृत मुद्रण आलं तरी लक्षात ठेवा की त्यात नंतर दुरुस्त्या होऊ शकतात. झेपेलिनचा २००७ चा कार्यक्रम अधिकृतपणे आला तो २०१२ ला. मधली वर्षं हातात असली की चुका पुसायचा मोह होतोच. सगळ्यात खरा पुरावा म्हणजे रेडिओवरून किंवा थेट प्रक्षेपणातून गेलेला, मिक्सरमधून निघालेला आवाज.

कुठल्या रात्रीचं तिकीट, याचं उत्तर: पहिल्या आठवड्याचं टाळा. 'द पोलीस' या बँडचा पुनर्मीलन दौरा २८ मे २००७ ला व्हँकुव्हरला सुरू झाला, आणि सुरुवातीच्याच एका कार्यक्रमानंतर ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंडने आपण किती चुकलो ते स्वतः संकेतस्थळावर लिहून टाकलं. तोच बँड पुढे वर्षभराहून अधिक काळ वाजवत राहिला आणि घट्ट होत गेला. पहिल्या रात्री भावना जास्त असते, सहाव्या-सातव्या रात्रीपासून संगीत.

---

जुनी_कॅसेट

सगळ्यांचे मनापासून आभार. गळ्याच्या विश्रांतीचा हिशेब वाचून यादी पुन्हा काढून बसलो. बी_साइड यांची तक्रारही तितकीच पटते, दोन्ही एकत्र पटतायत हीच अवस्था आहे.

एकच विचारतो. एका बैठकीत ऐकून पारखायचं असेल तर क्रम काय ठेवावा?

---

पांढरी_पाच

मूळ आल्बम आधी ऐकू नका. तो स्टुडिओत थरावर थर चढवून केलेला आहे, त्याच्यापुढे कुणीही उघडं पडेल. सुरुवात नेबवर्थच्या मुद्रणापासून करा, मग २००९ च्या आधीच्या शेवटच्या वर्षांतलं एखादं, मग २०२५ चं. मधलं वगळू नका. आवाज किती खालावला होता आणि आता किती सावरलाय हे तिथे कळतं, आणि १९९६ शी थेट तुलना करून नाहक वाईट वाटत नाही.

२०२५ च्या एकाच रात्रीचं पूर्ण मुद्रण घ्या, तुकडे नकोत. नववं गाणं संपताना शब्दांच्या शेवटांकडे लक्ष द्या: लांब स्वर पूर्ण धरलाय की आधीच सोडलाय, आणि श्वास ओळीच्या मधे घेतलाय का. मग नोएलची तीन गाणी जाऊ द्या. तेराव्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात त्याच दोन गोष्टी पुन्हा तपासा. स्वर पुन्हा शेवटपर्यंत धरले जात असतील तर त्या पंधरा मिनिटांनी काम केलं. आणि मग थेट एकोणिसाव्यावर जा, कारण त्याच्यानंतर मंच थोडा वेळ रिकामा होतो, पुढची दोन गाणी नोएलची असतात, आणि राखून ठेवायचं फारसं कारण उरत नाही. तिथे लिअम हात मागे बांधून, मान वर करून सगळं सोडतो.